जन्मतः गंभीर हृदयदोष असलेलं बाळ: पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीपासून घरी येईपर्यंत

तिसऱ्या दिवशीची सकाळ. बाळबाळंतिणीला घरी सोडायचं होतं. आजीने टोपडं, झबलं, नवं दुपटं काढून ठेवलं होतं. बाळ २ किलो ९०० ग्रॅमचं, रडणं खणखणीत. मी उजव्या तळहाताला रक्तातला ऑक्सिजन मोजणारा प्रोब लावला: ९६ टक्के. डाव्या पावलाला लावला: ८८. पाऊल गार असेल म्हणून हाताने ऊब दिली, प्रोब नीट गुंडाळून पुन्हा लावला: ८७. मांडीच्या सांध्यात बोट ठेवलं तर नाडी लागेना. डॉक्टरांना हाक मारली, आणि डिस्चार्जचा कागद बाजूला ठेवला.

त्या बाळाची महाधमनी एका जागी आवळलेली होती. कमरेखालचं रक्त एका तात्पुरत्या वाटेने जात होतं आणि ती वाट बंद होत आली होती. बाळ वेळेत मोठ्या रुग्णालयात पोचलं, ऑपरेशन झालं, आज ते शाळेत जातं. त्याच आठवड्यात दुसरं एक बाळ आमच्याकडे नवव्या दिवशी आलं. दोष जवळपास तोच. पण ते राखाडी, गार पडलेलं, लघवी नाही, श्वास तुटक. सगळं करूनही ते राहिलं नाही.

नवजात बालकांच्या विभागात परिचारिका म्हणून इतकी वर्षं काढल्यावर माझं मत पक्कं झालं आहे: अशा बाळाचं निम्मं भवितव्य ऑपरेशन थिएटरच्या बाहेर ठरतं. बाळ तिथे कोणत्या अवस्थेत पोचतं, हा खरा प्रश्न आहे. हा लेख त्यासाठीच आहे: आईबाबांसाठी, आजीआजोबांसाठी आणि घरोघरी जाणाऱ्या आशाताईंसाठी.

गंभीर कशाला म्हणायचं

जिवंत जन्मणाऱ्या दर १००० बाळांमागे साधारण ८ ते ९ बाळांच्या हृदयात काही ना काही जन्मजात दोष असतो. त्यातले बरेच दोष साधे असतात. पडद्याला लहानसं भोक असतं, ते आपोआप बुजतं, किंवा सावकाश उपचार करता येतात. अंदाजे चारातलं एक बाळ मात्र असं असतं की त्याला पहिल्या वर्षातच, पुष्कळदा पहिल्या काही दिवसांतच, ऑपरेशन किंवा कॅथेटरने (रक्तवाहिनीतून घातलेल्या बारीक नळीने) उपचार लागतात. ते गंभीर.

ही बाळं जन्मल्या जन्मल्या चांगली का दिसतात, हे समजून घ्या. पोटात असताना बाळाची फुफ्फुसं काम करत नाहीत, म्हणून रक्त फुफ्फुसांना वळसा घालून एका छोट्या नळीतून महाधमनीत जातं. तिला आम्ही डक्ट म्हणतो. जन्मानंतर ही नळी साधारण दोन-तीन दिवसांत मिटते, कधी थोडी उशिरा. निरोगी बाळाला तिचं काही काम उरत नाही. पण ज्याचा फुफ्फुसाकडे किंवा शरीराकडे जाणारा मुख्य रस्ताच अडला आहे, ते बाळ या नळीवर जगत असतं. ती मिटायला लागली की हसतंखेळतं बाळ काही तासांत कोसळतं.

आपल्याकडे पाचवीच्या रात्री बाळाजवळ दिवा ठेवून जागतात, सटवाई नशीब लिहायला येते म्हणतात. पहिल्या पाच-सहा रात्री धोक्याच्या असतात, हे आपल्या आज्या-पणज्यांनी किती बाळं गमावून ओळखलं असेल, असं मला नेहमी वाटतं. जागरण जरूर करा. फक्त जागताना बाळाचा श्वास मोजा आणि जिभेचा रंग बघा.

दोषांची नावं पुष्कळ आहेत. आईबाबांना तीन चित्रं कळली तरी पुरे. फुफ्फुसाकडचा रस्ता अडला असेल तर बाळ निळं पडतं. शरीराकडचा रस्ता अडला असेल (आवळलेली महाधमनी, किंवा हृदयाची डावी बाजूच न वाढलेली) तर बाळ फिकट, राखाडी, गार पडतं, आणि हे निळेपणापेक्षा सहज नजरेतून सुटतं. तिसऱ्या प्रकारात दोन्ही मोठ्या रक्तवाहिन्यांची जागा उलटी असते. शुद्ध रक्त फुफ्फुसातच फिरत राहतं आणि अशुद्ध रक्त शरीरात.

जगण्याचे आकडे आणि धोका कशाने वाढतो

अमेरिकेत अटलांटा परिसरात जन्मलेल्या मुलांचा दीर्घ अभ्यास झाला आहे. गंभीर दोष असलेल्यांपैकी १९७९ ते १९९३ या काळात जन्मलेली ६७.४ टक्के बाळं वर्षाची झाली. १९९४ ते २००५ या काळातली ८२.५ टक्के. सौम्य दोषांमध्ये हाच आकडा ९७ टक्क्यांच्या आसपास होता. हे आकडे तिथल्या सोयींचे आहेत, जसेच्या तसे आपल्या जिल्ह्याला लावू नका. पण एका पिढीत इतका फरक पडू शकतो, एवढं त्यातून नक्की घ्यावं.

त्याच अभ्यासात पहिल्याच दिवशी निदान झालेली बाळं कमी जगल्याचं दिसलं. म्हणून लवकर निदान वाईट, असा अर्थ कुणी काढू नये. सगळ्यात बिकट दोष सगळ्यात आधी दिसतो, एवढाच त्याचा अर्थ.

काही गोष्टी आपल्या हातात नसतात. एकच कप्पा नीट चालणारं हृदय. डाऊन सिंड्रोम किंवा दुसरा गुणसूत्रांचा दोष. हृदयासोबत अन्ननलिका, मूत्रपिंड, आतडं यातही व्यंग असणं. हे जितकं जास्त, तितका धोका जास्त.

काही गोष्टी मात्र बऱ्याच अंशी हातात असतात, आणि मी त्यांच्याबद्दल आग्रहाने बोलते. बाळ दिवस भरण्याआधी जन्मणं आणि वजन अडीच किलोपेक्षा कमी असणं. निदानाला उशीर. बाळ शॉकमध्ये गेल्यावर, रक्तात आम्ल वाढल्यावर, मूत्रपिंड आणि यकृताला मार बसल्यावर रुग्णालयात पोचणं. वाटेत अंग गार पडणं. ऑपरेशनच्या आधीच जंतुसंसर्ग होणं. आणि ज्या ठिकाणी इतक्या लहान बाळांची ऑपरेशनं क्वचित होतात, तिथे ऑपरेशन करून घेणं.

पाचव्या महिन्याची सोनोग्राफी

१८ ते २० आठवड्यांच्या दरम्यानची अ‍ॅनॉमली स्कॅन, म्हणजे बाळातली व्यंगं शोधणारी सोनोग्राफी, चुकवू नका. तपासणाऱ्या डॉक्टरांना शांतपणे विचारा: "हृदयाचे चारही कप्पे दिसले का? आणि बाहेर पडणाऱ्या दोन्ही मोठ्या रक्तवाहिन्या दिसल्या का?" दुसरा प्रश्न महत्त्वाचा आहे. रक्तवाहिन्यांची जागा उलटी असलेल्या बाळाचे चारही कप्पे अगदी नीट दिसू शकतात. बाळाने पाठ केली असेल, चित्र नीट आलं नसेल, तर पुन्हा बोलावतील. कंटाळा न करता जा.

काहींनी मात्र खास गर्भाच्या हृदयाची इको (फक्त हृदयाची सोनोग्राफी) करून घ्यावी: गरोदर राहण्याआधीपासून मधुमेह असलेल्या, फिट्सची काही औषधं चालू असलेल्या, ल्युपससारखा आजार असलेल्या, आधीच्या बाळाला किंवा आईबापांपैकी कुणाला हृदयदोष असलेल्या. मामेबहीण-आतेभाऊ असं नात्यातलं लग्न असेल तरीही करा. अशा लग्नांत धोका वाढतो, आणि हे सांगताना कुणाला दोष द्यायचा नसतो.

दोष सापडला तर बालहृदयरोगतज्ज्ञांची भेट त्याच आठवड्यात घ्या. दोष किती बरा होणारा आहे, किती ऑपरेशनं लागतील, पुढचं आयुष्य कसं असेल, हे त्यांच्याकडून ऐका. २०२१ च्या दुरुस्तीनंतर कायद्याने काही गटांतल्या स्त्रियांना २४ आठवड्यांपर्यंत गर्भपाताची मुभा आहे. गर्भात मोठं व्यंग असेल तर त्यानंतरही वैद्यकीय मंडळाच्या मताने निर्णय होऊ शकतो. कोणताही निर्णय घ्यायचा तरी हाताशी दिवस लागतात, म्हणून तपासणी लांबवू नये.

बाळंतपण कुठे आणि कधी

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. एरवी ती किती चांगली! दमलेल्या पोरीला आईच्या हातचं मिळतं. पण पोटातल्या बाळाला गंभीर हृदयदोष आहे हे कळलेलं असताना माहेर हृदयशस्त्रक्रियेच्या रुग्णालयापासून दोनशे किलोमीटरवर असेल, तर या वेळी माहेराने लेकीकडे यावं. अशा बाळाला हलवण्याची सगळ्यात सुरक्षित जागा म्हणजे आईचं पोट. तिथे ऊब आहे, रक्तपुरवठा आहे, डक्ट उघडी आहे. मुंबईत वाडिया किंवा नवी मुंबईत खारघरला सत्य साई संजीवनी अशी बालहृदयरोगावर काम करणारी रुग्णालयं आहेत. आपल्याला जवळचं कोणतं, तिथे नवजात बाळांची ऑपरेशनं नियमित होतात का, हे सातव्या महिन्यातच पक्कं करून ठेवा.

"हृदयाचा त्रास आहे, लवकर सिझर करून बाळ बाहेर काढू," असं कुणी म्हणालं तर कारण विचारा. बहुतेक दोषांमध्ये लवकर जन्म घेऊन बाळाचा काहीच फायदा होत नाही. उलट ३७ आठवड्यांच्या बाळापेक्षा ३९ आठवडे पूर्ण झालेलं बाळ ऑपरेशन चांगलं सोसतं. सिझरही केवळ हृदयदोष आहे म्हणून लागत नाही. नॉर्मल बाळंतपण बहुतेकींचं होऊ शकतं.

जन्मानंतर २४ तासांनी: उजवा हात, एक पाऊल

रक्तातला ऑक्सिजन प्रोबने मोजायची ही तपासणी पाच मिनिटांची, विनाटोचणीची, आणि त्यासाठी लागणारं मशीन बहुतेक प्रसूतिगृहांत असतंच. कोविडच्या काळात घरोघरी बोटाला लावायचं मिळालं, तेच तत्त्व. मात्र नवजात बाळासाठी प्रोब वेगळा असतो, मोठ्यांचा क्लिप चालत नाही.

बाळ शांत असावं, दूध पिऊन झोपलेलं असलं तर उत्तमच. आधी उजवा हात, मग कुठलंही एक पाऊल. दोन्हीकडे ९५ टक्के किंवा त्याहून जास्त आणि दोन आकड्यांत ३ पेक्षा जास्त फरक नाही, तर ठीक. कुठेही ९० पेक्षा कमी, तर लगेच डॉक्टर आणि इको. मधलं काही आलं, म्हणजे ९० ते ९४ किंवा ३ पेक्षा जास्त फरक, तर तासाभराने पुन्हा.

उजवाच हात का? उजव्या हाताला रक्त डक्टच्या आधी फुटणाऱ्या फांदीतून जातं, पायाला डक्टच्या पुढून. दोन्हींतला फरक म्हणजे डक्टमधून काय चाललं आहे त्याची बातमी. अमेरिकेत ही तपासणी २०११ मध्ये शिफारस केलेल्या यादीत आली. ज्या राज्यांनी ती सक्तीची केली, तिथे गंभीर हृदयदोषाने होणारे अर्भकमृत्यू सुमारे ३३ टक्क्यांनी घटले. एका प्रोबने!

ही तपासणी चारातला एक दोष सोडून देते, विशेषतः आवळलेली महाधमनी. म्हणून आकडे चांगले आले तरी मांडीतल्या नाड्या बघायला डॉक्टरांना सांगा, आणि घरी डोळे उघडे ठेवा.

घरी आल्यावर काय बघायचं

आमच्याकडे उशिरा आलेल्या बाळांची घरची हकीकत जवळजवळ सारखी असते. "दोन दिवस दूध ओढत नव्हतं, वाटलं दृष्ट लागली." "पोटात गॅस धरला म्हणून गुटी दिली." हे सांगताना आईचा चेहरा बघवत नाही. तिने जे केलं ते प्रेमानेच केलं, तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

तर सांगते. बाळ स्तनाला लागतं, चार घोट घेतं, थकून सोडतं, दम खातं, पुन्हा लागतं. पिताना कपाळाला आणि टाळूला घाम येतो. शांत झोपलेल्या बाळाचा श्वास पूर्ण एक मिनिट मोजला तर ६० च्या वर जातो. श्वास घेताना बरगड्यांखालची जागा आत ओढली जाते. पावलं गार, अंग फिकट किंवा राखाडी, सहा तासांत लंगोट ओला नाही. यातलं एक जरी दिसलं तरी त्याच दिवशी डॉक्टर. दोन दिसली, किंवा बाळ मलूल पडलं, तर त्याच तासाला.

रंग बघताना जीभ आणि हिरड्या बघा. पहिल्या एक-दोन दिवसांत तळहात-तळपाय निळसर असणं सामान्य आहे. जीभ निळी असणं कधीच सामान्य नसतं. सावळ्या बाळात ओठांवरून फसायला होतं, म्हणून खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात जीभ बघावी.

संशय आल्यावरचे पहिले तास

इथे एक औषध आहे, ज्याचं नाव प्रत्येक आईबापाने पाठ करावं: प्रोस्टाग्लँडिन. शिरेतून अगदी बारीक धारेने सतत सोडतात आणि मिटत चाललेली डक्ट उघडी राहते. १९७० च्या दशकात ते वापरात आलं आणि या बाळांच्या इतिहासात त्याने जेवढं केलं तेवढं क्वचितच दुसऱ्या कशाने केलं असेल. दोषाची पक्की इको व्हायची असली, तरी जोरदार संशयावर डॉक्टर ते सुरू करू शकतात. तुम्ही फक्त विचारा: "डक्टवर अवलंबून असलेला दोष असू शकतो का? प्रोस्टाग्लँडिन सुरू करायचं का?" या औषधाने बाळाचा श्वास मध्येच थांबू शकतो, विशेषतः २ किलोच्या आतल्या बाळाचा. म्हणून जवळ श्वासनळीत नळी घालण्याची तयारी आणि जाणता माणूस हवाच. फुफ्फुसाकडून येणाऱ्या शिरा चुकीच्या जागी जोडलेल्या आणि अडलेल्या असतील, तर मात्र हे औषध कामाचं नाही. त्या बाळाला तातडीने ऑपरेशनच लागतं.

ऑक्सिजन लावूनही सॅच्युरेशन (प्रोबवरचा आकडा) चढत नाही, छातीचा एक्स-रे फारसा वाईट नाही, बाळ निळं पण धाप फार नाही, अशा वेळी न्यूमोनियापेक्षा हृदयाचा विचार आधी व्हायला हवा. ऑक्सिजन किती द्यायचा हे डॉक्टरांवर सोडा. काही दोषांत जास्त ऑक्सिजनने नुकसान होतं.

मग ऊब, साखर आणि शीर. गार पडलेल्या बाळाच्या रक्तात आम्ल वाढतं, आणि त्या अवस्थेतलं हृदय शल्यविशारदाच्या हातातही साथ देत नाही. बाळाची रक्तातली साखर तपासलेली असावी. शिरेला दोन सुया असाव्यात, कारण प्रोस्टाग्लँडिनची सुई निघाली तर दुसरी तयार हवी. आणि डॉक्टर सांगेपर्यंत चमच्याने काहीही पाजू नका, मधाचं बोटसुद्धा नाही.

पाठवणी

निघण्याआधी पुढच्या रुग्णालयाला फोन झालेला हवा आणि "पाठवा, जागा आहे" हे शब्द ऐकलेले हवेत. बाळाला घेऊन तीन दवाखाने फिरणं, यात मी बाळं जाताना पाहिली आहेत. १०८ ला फोन करताना स्पष्ट सांगा: नवजात बाळ, हृदयदोषाचा संशय, औषधाचं ड्रिप चालू. पंप, ऑक्सिजन, प्रोब, वॉर्मर किंवा इन्क्युबेटर असलेली गाडी लागते. इन्क्युबेटर नसेल आणि बाळाची अवस्था परवानगी देत असेल, तर टोपडं-मोजे घालून, त्वचेला त्वचा लावून आईच्या किंवा वडिलांच्या छातीशी धरून नेता येतं. हे सिस्टरला विचारून करा. गरम पाण्याच्या पिशव्या लावू नका, त्यांनी भाजल्याचे डाग मी पाहिले आहेत.

सोबत: इकोचा कागद, औषधांच्या वेळा लिहिलेली चिठ्ठी, आईचा रक्तगट, जन्माचा दाखला किंवा रुग्णालयाची जन्मनोंद, आईबाबांची आधारकार्डं, रेशनकार्ड. शेवटच्या दोन गोष्टींसाठी मध्यरात्री गावाकडे माणूस पाठवावा लागतो, म्हणून त्यांचे फोटो मोबाईलमध्ये ठेवा.

पैशाच्या काळजीने एक तासही थांबू नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत लहान मुलांच्या हृदयशस्त्रक्रिया बसतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं, तिथे एका नातेवाइकाला बसवा. २०१३ मध्ये पालघरहून देशभर सुरू झालेला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातही जन्मजात दोष येतात. जिल्हा रुग्णालयातल्या त्याच्या केंद्रात नाव नोंदवलं की तपासणी आणि पुढे पाठवण्याची सोय होते.

ऑपरेशनच्या आधी: "वजन वाढू दे, मग बघू"

हा सल्ला साध्या भोकाच्या बाबतीत कधी कधी बरोबर असतो, गंभीर दोषांत तो जीव घेतो. ज्या बाळाला चार घोटांत दम लागतो त्याचं वजन वाढणार कसं? रक्तवाहिन्यांची जागा उलटी असलेल्या बाळात तर थांबण्याची किंमत वेगळीच आहे. डाव्या कप्प्यावर जोराचं काम नसल्याने तो दिवसेंदिवस अशक्त होतो, म्हणून रक्तवाहिन्या योग्य जागी जोडण्याचं ऑपरेशन शक्यतो पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच व्हावं लागतं. ब्राझीलमध्ये आदिब जातेने यांनी १९७५ मध्ये हे ऑपरेशन पहिल्यांदा यशस्वी केलं. ऑपरेशन होईपर्यंत बाळ टिकावं म्हणून फुग्याने वरच्या पडद्याला वाट करून देतात. ती युक्ती फिलाडेल्फियातल्या विल्यम रॅशकिंड यांची, १९६६ ची. आज अनुभवी केंद्रांत ही मुलं मोठ्या संख्येने बरी होऊन घरी जातात.

सर्जनना विचारायचे प्रश्न वहीत लिहून न्या. या दोषाची, या वयाची ऑपरेशनं इथे वर्षाला किती होतात? एकाच ऑपरेशनने काम पूर्ण होईल की टप्प्याटप्प्याने? थांबायचं असेल तर कशासाठी, आणि किती दिवस? गुणसूत्रांची तपासणी आणि मेंदूची सोनोग्राफी झाली का?

हृदयाची डावी बाजू न वाढलेल्या बाळाबद्दल सरळ बोलणं मला भाग आहे. त्याला तीन टप्प्यांची ऑपरेशनं लागतात: पहिलं जन्मानंतर काही दिवसांत, दुसरं चौथ्या ते सहाव्या महिन्याच्या सुमारास, तिसरं काही वर्षांनी. हा रस्ता लांब आणि कठीण आहे, आपल्याकडे मोजक्याच ठिकाणी तो चालता येतो. काही आईबाबा पूर्ण माहिती घेऊन, बाळाला त्रास न होता जवळ घेऊन बसायचं ठरवतात. त्यांच्याकडे बोट दाखवण्याचा अधिकार कुणालाही नाही, नातेवाइकांना तर नाहीच.

घरी परतल्यावर

पहिल्या टप्प्याचं ऑपरेशन होऊन कृत्रिम नळी टाकलेल्या बाळाचे पुढचे काही महिने सगळ्यात नाजूक. घरी प्रोब आणि वजनकाटा ठेवा, रोज एकाच वेळी मोजा, वहीत लिहा. सॅच्युरेशन ७५ च्या खाली, एका दिवसात ३० ग्रॅम वजन घटणं, तीन दिवसांत २० ग्रॅमही न वाढणं: यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी फोन. डॉक्टरांनी तुमच्या बाळासाठी वेगळा आकडा दिला असेल तर तोच धरा.

अशा बाळाला जुलाब किंवा उलट्या सुरू झाल्या तर ओआरएस पाजत घरी बसू नका. अंगातलं पाणी कमी झालं की रक्त घट्ट होतं आणि ती नळी बंद पडू शकते. म्हणून रक्ताची गुठळी होऊ नये यासाठी दिलेल्या अ‍ॅस्पिरिनचा एक डोसही स्वतःच्या मनाने बंद करू नका.

लसीकरणाच्या तारखा डॉक्टरांना विचारून पाळा. दात आले की रोज स्वच्छ करा, कारण किडक्या दातातले जंतू हृदयापर्यंत जातात. बारशाला गर्दी टाळून चार माणसांत नाव ठेवा. सर्दी झालेला पाहुणा कितीही जवळचा असला तरी दारातूनच परत पाठवा, हे काम आजोबांकडे द्यावं.

पुढचं बाळंतपण

एका बाळाला हृदयदोष असेल तर पुढच्या बाळाला तो असण्याची शक्यता साधारण शंभरात दोन-तीन असते, काही दोषांत थोडी जास्त. म्हणजे शंभरातल्या सत्त्याण्णव जणींची काळजी फुकट जाते, पण तपासणी मात्र सगळ्यांनी करायची. गरोदर राहण्याआधी साखर तपासा, फॉलिक अ‍ॅसिड सुरू करा, चालू औषधं डॉक्टरांना दाखवा. १८ ते २० आठवड्यांत गर्भाच्या हृदयाची इको करा. जाताना पहिल्या बाळाची फाईल सोबत न्या. ज्यांचं पहिलं बाळ राहिलं नाही त्यांनीही न्या. ती उघडणं जड जातं हे मी पाहिलं आहे; पण तपासणाऱ्या डॉक्टरांना नेमकं कुठे बघायचं ते त्या फाईलमधूनच कळतं.